टांगती वीजजोडणी

टांगती वीजजोडणी : यंत्राची वायर जमिनीवरून न आणता छतावरून खाली सोडण्याची पद्धत. घरची कार्यशाळा बहुधा पार्किंगच्या कोपऱ्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा परसातल्या शेडमध्ये असते. तिथे ड्रिल, ग्राइंडर, सँडर, राउटर (लाकडात खाच पाडणारे हत्यार), टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) यांसाठी ही जोडणी सोयीची पडते. जमिनीवरची वायर भुशाखाली दिसेनाशी होते, पायात येते, ग्राइंडरच्या ठिणग्या झेलते. राउटर फिरवताना ती नेमकी फळीच्या कोपऱ्याला अडकते आणि इतका वेळ सरळ आलेली खाच तिथे वाकडी होते.

वरून शक्ती आणण्याची युक्ती विजेच्या मोटरीपेक्षा जुनी आहे. वाफेवरच्या कापड गिरण्यांत छताखालून लांबलचक शाफ्ट फिरे आणि त्यावरच्या पट्ट्यांनी खालची यंत्रे चालत. १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे यंत्रागणिक मोटर आली, तसे पट्टे गेले. आज तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीची वायर वरच्या स्प्रिंगला टांगलेली दिसते. इस्त्री पुढे सरकली की स्प्रिंग ताणते, मागे आली की वायर आपसूक उचलली जाते. घरच्या कार्यशाळेने नमुना घ्यावा तो हाच. मोठ्या शेडमध्ये क्रेनची चपटी केबल रुळावरच्या चाकांना झालरीसारखी लटकलेली असते. पडद्याच्या पट्टीवर तिची छोटी नक्कल करता येते, पण एकदोन हत्यारांसाठी तो खटाटोप जास्तच.

या जोडणीत विजेइतकाच विचार वजनाचा करावा लागतो. बारीक तारांची लवचिक केबल ओढ सोसायला बनवलेली नसते. छतावरच्या जोडणीच्या डब्यात ती नुसती स्क्रूने आवळली, तर केबलचे वजन आणि रोजचे हिसके त्या स्क्रूवरच येतात. म्हणून स्लॅबमधल्या हुकाला साखळी अडकवतात, केबल साखळीला बांधतात आणि डब्यापर्यंतचा तिचा तुकडा थोडा सैल सोडतात. ओढ बसली तर साखळी आधी ताणली पाहिजे. डब्यात शिरताना ग्लँड, म्हणजे केबलला घट्ट धरणारी कडी, हवीच. बल्बच्या होल्डरमध्ये मारतात तशी गाठ इथे चालत नाही. प्लगच्या आत हिरवी अर्थिंगची तार इतर दोन तारांपेक्षा बोटभर लांब ठेवतात. वायर उपटलीच, तर फेज आधी सुटतो आणि अर्थिंग शेवटी.

सॉकेटचे तोंड खाली असले की आणखी एक त्रास होतो. आपला तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतो, पकड सैल होते, आत ठिणग्या पडतात आणि काही महिन्यांत पिना काळ्या पडतात. त्यापेक्षा झाकणाच्या खाचेत अडकून बसणारा निळा औद्योगिक प्लग बरा. हा निळा रंग २०० ते २५० व्होल्टची खूण आहे. सॉकेट डोक्याला लागणार नाही, पण हात वर केला की सापडेल, इतक्या उंचीवर ठेवतात.

भारतीय घरात छतावर तयार हूक असतो तो पंख्याचा, आणि मोह तिथेच होतो. हूक वजनाला दणकट असतो. पण पंख्याच्या पॉइंटची वायर दिव्यांच्या सर्किटवरची, बारीक असते. तिच्यावर १,४०० वॉटचा सर्क्युलर सॉ चालवणे म्हणजे भिंतीतली वायर तापवणे. हूक घ्यावा, वीज घेऊ नये. शेजारी पंखा चालू असेल तर मोकळी लोंबणारी वायर पात्यात जाऊ शकते, याकडे बहुतेकांचे लक्ष पहिल्यांदा पंखा लावतानाच जाते.

स्वतंत्र लाइन मेन बोर्डावरून, आपल्या एमसीबीसह (जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारे बटण), पाइपातून छतापर्यंत पक्की न्यायची आणि लवचिक केबल फक्त तिथून खाली सोडायची. अमेरिकेत गॅरेजमध्ये कार्यशाळा थाटण्याची प्रथा मोठी आहे. तिथली वीजसंहिताही पक्क्या वायरिंगऐवजी लवचिक वायर वापरायला आणि ती छताच्या भोकातून न्यायला सर्वसाधारणपणे मनाई करते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असावाच. एमसीबी वायर वाचवतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो.

केबलच्या जाडीचा हिशेब सोपा आहे. तांब्याची १.५ चौरस मिमी केबल १० मीटर लांब असेल आणि तिच्यातून १० अँपिअर जात असतील, तर जेमतेम सव्वादोन व्होल्ट वाटेत जातात. ०.७५ चौरस मिमीच्या २५ मीटर एक्स्टेंशनवर ८ अँपिअरलाच नऊ व्होल्टच्या वर गळतात, मोटर कुंथते आणि तापते. छताला लावायची गुंडाळती रील मिळते. ती दिसायला सुबक असते, पण गुंडाळलेल्या वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जड हत्यार चालवताना केबल पूर्ण उलगडावी लागते. पत्र्याच्या छपराखाली तर अधिकच जपावे. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्यालगतची हवा त्यातला मोठा वाटा आधीच खाऊन बसते.

टेबल सॉसारखे खोलीच्या मधोमध उभे असलेले यंत्र हा या पद्धतीचा अवघड भाग. वायर पात्याच्या सरळ वर सोडली, तर आठ बाय चारचा प्लाय वळवताना त्याचा कोपरा तिलाच लागतो. म्हणून ती यंत्राच्या मागच्या कोपऱ्याकडे, बाजूला सोडतात आणि यंत्राच्या पायाला बांधून मोटरीपर्यंत नेतात.