पिक्सेलची रांग आणि विखुरणारा उजेड

पावसाळ्यात रात्री डेक्कनवरून चालत असाल, तर छत्री जरा पुढे कलती करा आणि तिच्या ताणलेल्या काळ्या कापडातून लांबच्या एखाद्या दिव्याकडे पाहा. दिवा एकच, पण त्याच्याभोवती अधिकच्या चिन्हासारखी ठिपक्यांची नक्षी उमटते आणि बाहेरच्या ठिपक्यांना रंगीत कडा येतात. कापडाचे उभे-आडवे धागे ही एक नियमित जाळी आहे. तिच्या बारीक फटींतून जाताना प्रकाशलहरी पसरतात, शेजारच्या फटींतून आलेल्या लहरींना भेटतात आणि काही ठरावीक दिशांनाच एकमेकींना बळ देतात. यालाच विवर्तन म्हणतात. फोनची ओएलईडी (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशी) स्क्रीन बंद करून अंधाऱ्या खोलीत तिच्यात दूरच्या टॉर्चचं प्रतिबिंब पाहिलंत, तर तिथेही अशी नक्षी दिसू शकते. तिथली जाळी पिक्सेलची असते.

इंचाला ५०० पिक्सेल असतील, तर शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये सुमारे ५१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) अंतर पडतं. हिरव्या उजेडाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर मधल्या प्रतिबिंबापासून पहिला ठिपका जेमतेम ०.६ अंशावर येतो. आकाशातला सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून उन्हात हे ठिपके सुटे न दिसता एकमेकांना चिकटतात आणि काचेवर रंगीत पट्टे उठतात. रंग बाहेरच्या बाजूला अधिक फाकतात: पाचव्या ठिपक्यापाशी निळा सुमारे २.६ अंशांवर असतो, तर लाल ३.५ अंशांवर. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये पिक्सेल याहून कितीतरी बारीक असतात. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये दोन पिक्सेलमधलं अंतर ७.५ मायक्रॉन आहे, आणि तिथे हिरव्याचा पहिलाच ठिपका ४.२ अंशांवर जातो. म्हणजे स्क्रीन जितकी रेखीव करावी, तितका हा उजेड अधिक लांब फेकला जातो.

ओएलईडीत हा त्रास ठळक होण्याचं कारण तिच्या रचनेत आहे. प्रकाश देणारे सेंद्रिय थर सगळे मिळून एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतात आणि त्यांच्याखाली आरशासारखा चकचकीत इलेक्ट्रोड असतो. बाहेरचा उजेड आत शिरतो, त्यावर आपटून परततो आणि जाळीची नक्षी सोबत घेऊन येतो. बरीच वर्षं यावर वर्तुळाकार ध्रुवकाचा, म्हणजे ठरावीक कंपनदिशेचाच उजेड जाऊ देणाऱ्या गाळणीचा, थर हा उपाय होता. आत गेलेला उजेड परतताना त्याची कंपनदिशा काटकोनात वळलेली असते, त्यामुळे ध्रुवक त्याला अडवतो. पण हा थर स्क्रीनचा स्वतःचा निम्म्याहून अधिक उजेडही गिळतो, आणि त्याची भरपाई बॅटरीला करावी लागते. २०२१ मध्ये सॅमसंगने आपल्या घडीच्या फोनमध्ये ध्रुवक काढून टाकला आणि पॅनेलवरच रंगगाळण्या बसवल्या. त्यामुळे ३३ टक्के अधिक उजेड बाहेर येतो, असं कंपनीने सांगितलं. वीज वाचली हे खरंच मोठं काम झालं. मात्र ध्रुवकाचं पांघरूण गेल्यावर जाळीचं विवर्तन पुन्हा उघडं पडतं.

मग अभियंते जाळीच्या आकाराकडे वळतात. सरळ कडा उजेडाला आपल्या काटकोनात फेकते, म्हणून पिक्सेलची खिडकी, म्हणजे उजेड ये-जा करतो ती मोकळी जागा, चौकोनी असेल तर तिच्यातून चार दिशांना शेपट्या निघतात. खिडकी गोल केली की तोच उजेड सगळीकडे सारखा पसरून फिकट कड्यांचा होतो. चौकोनाच्या शेपटीतला पहिला ठिपका मधल्या ठिपक्याच्या ४.७ टक्के तेजस्वी असतो, तर वर्तुळाचं पहिलं कडं फक्त १.७५ टक्के.

एवढ्याने मात्र भागत नाही. ठिपके कुठे पडणार हे खिडकीच्या आकारावर ठरत नाही, खिडक्यांच्या रांगेवर ठरतं. त्यामुळे रांगच थोडी विस्कटावी लागते: खिडक्या किंचित इकडेतिकडे सरकवायच्या, त्यांचे आकार आणि कल बदलत ठेवायचे, तारा सरळ न ओढता नागमोडी न्यायच्या. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्फटिकांवर क्ष-किरण टाकून अणूंची मांडणी शोधणाऱ्यांना यातलं गणित ओळखीचं वाटेल. उष्णतेने अणू थरथरतात आणि स्फटिकाचे विवर्तन-ठिपके मंदावतात, हे भौतिकशास्त्रज्ञ पीटर डिबाय यांनी १९१३ मध्येच मांडलं होतं. तेच सूत्र इथे लावून पाहा. खिडक्या आपल्या जागेपासून दोन खिडक्यांमधल्या अंतराच्या सरासरी दहा टक्के इतक्या यादृच्छिक हलवल्या, तर पहिला ठिपका दोन-तृतीयांश उरतो, पण तिसरा तीन टक्क्यांवर येतो. सर्वांत रंगीत ठिपके बाहेरचेच असल्यामुळे डोळ्यांना खुपणारा भाग आधी जातो. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

अर्थात उजेड नाहीसा होत नाही. ठिपक्यांतून काढलेला उजेड धूसर पार्श्वभूमी बनून सगळीकडे पसरतो. विस्कळीतपणा फार वाढवला, तर काळा रंग राखाडी दिसू लागतो आणि चित्रातल्या बारीक रेषाही खडबडीत होतात.

स्क्रीनखाली कॅमेरा बसवला की प्रश्न आणखी बिकट होतो. झेडटीईने २०२० मध्ये असा पहिला फोन बाजारात आणला. इथे फोटोसाठी येणारा सगळा उजेड पिक्सेलमधल्या फटींतूनच जातो, आणि गणपतीच्या रोषणाईसमोर फोटो काढला तर प्रत्येक दिव्याभोवती धुकं आणि शेपट्या येऊ शकतात. जाळी उजेड कसा पसरवते हे आधी मोजून सॉफ्टवेअर तो परिणाम बराचसा उलटा फिरवू शकतं. पण दिवा इतका प्रखर असेल की सेन्सरची क्षमताच संपली, तर तिथली माहिती मुळातच नोंदली जात नाही आणि कोणतंही गणित ती परत आणू शकत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरवर विसंबून जाळी तशीच ठेवणं मला पटत नाही.

चेहरा ओळखणारे सेन्सर स्क्रीनखाली नेताना अडचण आणखी वाढते. ते बहुधा ९४० नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश वापरतात. हिरव्याच्या मानाने त्याचे ठिपके १.७ पट दूर पडतात, आणि चेहऱ्यावर टाकलेल्या प्रत्येक बिंदूच्या बाजूला जाळी त्याच्या फिकट नकला उमटवते. खरा बिंदू कोणता आणि नक्कल कोणती, हे सेन्सरला क्षणार्धात ठरवावं लागतं.