टाळेबंदीने जेवणाची वेळ सरकवली, आणि यकृताचं घड्याळही

टाळेबंदीचा विषय निघाला की ‘तेव्हाच वजन वाढलं’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. दोष जातो घरी केलेल्या केकला, पाणीपुरीला आणि डाल्गोना कॉफीला. खाणं वाढलं आणि चालणं थांबलं हे खरंच आहे. पण ताटात काय आलं याइतकंच ते कधी आलं हेही महत्त्वाचं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. २५ मार्च २०२० पासून लोकल नाही, डबा नाही, शाळेची घंटा नाही. मग अनेक घरांत नाश्ता ११ ला, दुपारचं जेवण ३ ला, रात्रीचं १० नंतर आणि मध्यरात्री पुन्हा फरसाण, असा सगळा दिवसच पुढे सरकला. हे अर्थात पगार चालू असलेल्या घरांबद्दल. ज्यांचं हातावर पोट होतं त्यांच्यापुढे अन्नाचाच प्रश्न होता; शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ वर आणावी लागली ती त्यांच्यासाठी.

वेळेने एवढा काय फरक पडतो? याचं उत्तर मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालतं. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं जोडीने डीएनएवर बसतात आणि पीरियड व क्रिप्टोक्रोम या जनुकांना कामाला लावतात. या जनुकांपासून तयार झालेली प्रथिनं केंद्रकाबाहेर हळूहळू साठतात, एकमेकांना बिलगून केंद्रकात परततात आणि क्लॉक-बीमॅल जोडीचंच काम थांबवतात. स्वतःचं उत्पादन स्वतःच बंद पाडतात! कालांतराने ती नष्ट होतात, अडसर दूर होतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. या फेरीला साधारण २४ तास लागतात. फळमाशीच्या पीरियड जनुकावर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

फेरी नेमकी २४ तासांची नसल्यामुळे हे घड्याळ रोज लावावं लागतं. मेंदूतलं मुख्य घड्याळ, म्हणजे सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका, डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर लागतं. यकृत मात्र जेवणाच्या वेळेकडे बघतं. उंदीर निशाचर, त्यांना फक्त दिवसा खायला दिलं तर काही दिवसांत यकृताचं घड्याळ उलटं होतं, मेंदूचं मात्र जागच्या जागी राहतं. एकाच शरीरात दोन वेगळ्या वेळा!

टाळेबंदीत प्रकाश आणि जेवण या दोन्ही खुणा ढासळल्या. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घरात जेमतेम काहीशे. त्यात रात्रीचं जेवण लांबलं. रात्री मेलाटोनिन हे झोपेशी जोडलेलं संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर त्याचा संदेश घेणारे रेणू (रिसेप्टर) असतात. तिथे ते इन्सुलिनचा स्राव कमी करतं. म्हणून तोच वरणभात दुपारपेक्षा रात्री उशिरा खाल्ला तर रक्तातली साखर सहसा जास्त चढते.

एक गोष्ट सुधारलीही. गजर बंद झाल्यावर झोप शरीराच्या वेळेने होऊ लागली. बाझेलच्या संशोधकांनी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या लोकांना विचारलं, तेव्हा कामाचे दिवस आणि सुट्टी यांच्या झोपेतली तफावत, म्हणजे ‘सामाजिक जेटलॅग’, कमी झालेली दिसली. झोपेचा दर्जा मात्र थोडा घसरल्याचं त्यांनी सांगितलं.

  

आता ‘८ तासांतच खा’ हा मंत्र विकला जातोय. अमेरिकेतले संशोधक सच्चिदानंद पांडा यांच्या २०१२ च्या प्रयोगात, केव्हाही खाणाऱ्या उंदरांइतकेच उष्मांक ८ तासांत खाणारे उंदीर त्यांच्यापेक्षा कमी लठ्ठ झाले, हे खरं. पण २०२० मध्ये अमेरिकेत १२ आठवडे दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात जेवलेल्या माणसांचं वजन नेहमीसारखं जेवणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय घटलं नाही. उलट २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांनी शेवटचं जेवण दुपारी ३ पूर्वी घेतलं, तेव्हा वजन न घटताही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि रक्तदाब सुधारला.