क्षितिजाच्या वर पांढरं, खाली काळं

पुण्यातून पहाटे तीनला निघायचं, ताम्हिणी उतरून माणगावला चहा घ्यायचा आणि उजाडता उजाडता हरिहरेश्वर गाठायचं, हा इथल्या फोटोग्राफर मंडळींचा ठरलेला क्रम. पोचल्यावर पेच समोर उभाच असतो. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य पाठीमागच्या डोंगराआडून वर येतो, त्यामुळे लांबचं पाणी उजळतं आणि पायाखालची वाळू सावलीत राहते. संध्याकाळी तोच सूर्य थेट लेन्ससमोर. मागच्या फेब्रुवारीत मावळतीच्या जरा आधी मी उजेड मोजायचा मीटर लावून पाहिला, तर सूर्याजवळचं आकाश आणि ओला काळा कातळ यांत सात स्टॉपचा फरक निघाला. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे आकाश कातळाच्या 128 पट उजळ होतं. आकाश सांभाळलं तर खालचा कातळ गच्च काळा, कातळ सांभाळला तर वरचं आकाश पांढरं फटक.

हा पेच फोटोग्राफीच्या जवळजवळ जन्मापासूनचा आहे. 1850च्या दशकात काचेवर ओल्या कोलोडियनचा थर देऊन, तो सुकायच्या आत फोटो काढून तिथेच धुवावा लागे. ती काच निळा प्रकाश भराभर टिपायची आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळं आकाश क्षणात भरून जायचं आणि कागदावर कोरं पांढरं उतरायचं. ढग नाहीत, काही नाही. जमीन टिपायची तर तिला आकाशाहून बराच जास्त वेळ लागे.

फ्रान्समधले फोटोग्राफर ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. 1856-57 साली त्यांनी नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर मोठी समुद्रचित्रं केली. त्यांतल्या काहींत समुद्राची काच वेगळी आणि आकाशाची वेगळी आहे. दोन्ही स्वतंत्रपणे टिपून छापताना क्षितिजरेषेवर जोडल्या. दक्षिण फ्रान्समधल्या सेत इथल्या मोठ्या लाटेचं त्यांचं प्रसिद्ध चित्र असंच दोन काचांचं आहे. एकच आकाश त्यांनी वेगवेगळ्या समुद्रांवर वापरल्याचंही दिसतं. याउलट 1856 सालचं पाण्यावरच्या जहाजाचं त्यांचं चित्र एकाच काचेवरचं. सूर्य ढगाआड असताना झटकन टिपलेलं, इतकं गडद की लोकांना ते चांदण्यातलं वाटलं. एकाच माणसाने दोन वर्षांत दोन्ही वाटा चालून पाहिल्या: एक, उजेड-अंधार कारागिरीने जुळवून आणायचा. दुसरी, अंधाराला अंधार राहू द्यायचं.

त्याच सुमारास, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिथल्या पहिल्या पिढीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्या काळची काच घेऊन कोणी रत्नागिरीच्या कड्यासमोर उभं राहिलं असतं, तर तांबडा जांभा कोळशासारखा काळा आला असता आणि माडांची हिरवी बनंही. कोकणचे मूळ रंगच त्या काचेला दिसत नव्हते. 1873 साली जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी थरात रंगद्रव्य मिसळून काच हिरव्यापर्यंत ‘डोळस’ केली. सगळे रंग दिसणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा बाजारात यायला 1906 साल उजाडलं. त्यानंतर लेन्ससमोर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावून निळं आकाश जरा दाबता येऊ लागलं.

दरम्यान 1890 साली इंग्लंडमधल्या हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी किती उजेड दिला तर फिल्म किती काळी होते, याचा आलेख मांडला. अंदाजाच्या कामाला आकडा मिळाला. त्या आकड्यावर 1940च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टीम उभी केली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा झोन करायचे, कातळ कितव्या झोनमध्ये हवा ते आधी ठरवायचं, एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा उजेड, सावलीसाठी द्यायचं आणि आकाश हाताबाहेर जाऊ नये म्हणून डेव्हलपिंगचा, म्हणजे फिल्म धुण्याचा, वेळ कमी करायचा. सुटी शीट फिल्म असेल तर हे उत्तम चालतं. छत्तीस फोटोंचा रोल एकदमच धुवावा लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांचा खरा तोल प्रिंट काढतानाच साधला जायचा.

तो मी जवळून पाहिला आहे. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आमच्या ओळखीच्या एका काकांनी न्हाणीघराची डार्करूम केली होती. बंबाच्या जागी निगेटिव्ह कागदावर मोठी करून पाडणारा एनलार्जर, दाराच्या फटीत काळं कापड, वर लाल दिवा. हर्णैच्या किनाऱ्याच्या प्रिंटला ते आधी सगळ्या कागदाला चौदा सेकंद उजेड देत; कागदाला जितका जास्त उजेड, तितका तो काळा. मग पुठ्ठ्याने खालचा समुद्र झाकून फक्त आकाशाला आणखी वीस सेकंद. पुठ्ठा सारखा हलता ठेवत, नाहीतर क्षितिजावर रेघ उमटते. ट्रेमध्ये आधी कातळ दिसू लागे आणि मग कोऱ्या आकाशात हळूहळू ढग. “कातळ काळाच असतो,” ते म्हणायचे, “फक्त तो मेलेला दिसता कामा नये.” प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलने सेकंद लिहिलेले असत.

रंगीत स्लाइड फिल्म आली तशी ही सोय गेली. स्लाइडमध्ये जेमतेम पाच-सहा स्टॉप मावतात आणि जे टिपलं तेच अंतिम. तेव्हा तोल लेन्ससमोर आला: वर राखाडी, खाली स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड फिल्टर. 1980च्या दशकात अमेरिकन फोटोग्राफर गॅलन रॉवेल यांनी त्याचा हिरिरीने वापर केला. समुद्राचं क्षितिज सरळ, म्हणून सह्याद्रीच्या कातरलेल्या धारेपेक्षा तो इथे जास्त जमतो. पण पाण्यातून सुवर्णदुर्ग वर आला की फसतो: किल्ल्याची वरची तटबंदीही आकाशाबरोबर काळवंडते.

1997 साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडून उजेडाचा पूर्ण पल्ला संगणकावर मिळवण्याची पद्धत मांडली. अशी जोडणी एचडीआर या नावाने 2010 साली आयफोनमध्येही आली. म्हणजे ल ग्रे यांच्या दोन काचाच परत आल्या, आणि जुनी अडचणही: दोन फोटोंच्या मधे लाट हलते.

आजच्या कॅमेऱ्यांतले चांगले सेन्सर चौदा स्टॉपपर्यंत टिपतात, म्हणून तोल साधायची गरज संपली असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. चकचकीत कागदावरचा सगळ्यात गडद काळा हा कोऱ्या पांढऱ्यापेक्षा साधारण शंभर पटच गडद असतो, म्हणजे सातेक स्टॉप. चौदा स्टॉप त्या सातांत कोंबायचेच आहेत, आणि काय दाबायचं ते कोणीतरी ठरवायचंच आहे. सॉफ्टवेअरमध्ये सावल्या उजळवणारा शॅडोचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला की कातळ राखाडी होतो, त्याचं वजन जातं. असे फोटो मला इतके दिसतात की काकांच्या प्रिंटमधला तो ओला, जड काळा आठवून जीव हळहळतो. ‘प्रकाशचित्र’ आणि ‘छायाचित्र’ हे दोन्ही शब्द मराठीत नांदतात. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

आणि या सगळ्यांच्या आधीचा एक उपाय कोळ्यांच्या हिशेबात आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला. त्या दिवशी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला मधाच्या पोळ्यासारखा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्या-खळग्यांत पाणी साचून राहतं. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं थांबायचं. खळग्यांतल्या पाण्यात आकाश उतरतं, कातळ खालून उजळतो आणि मीटरवरचा सातचा फरक तीनवर येतो.