वाटणीसाठी येताय? आधी नियम ठरवा, आकडे नंतर उघडू

नमस्कार. आमच्याकडे वाटणीचा हिशेब करून घ्यायला जे ग्रुप येतात त्यात कोणीतरी एकजण पहिल्या दहा मिनिटांत म्हणतोच, की यात एवढं काय आहे, ज्याचं जेवढं घेणं त्या प्रमाणात वाटून टाका, कॅलक्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. लगेच दुसरा म्हणतो प्रमाणात कशाला, सगळे सारखेच ना, मग समान द्या. तिसरा जरा वेळाने बोलतो, की तूट (घेण्यापेक्षा जेवढं कमी पडतंय ते) सगळ्यांच्याच वाट्याला आलीय तर तूट समान वाटा. तिघंही मनापासून बोलत असतात आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून हे लिहून ठेवतोय, येण्याआधी एकदा सगळ्यांनी वाचा, निदान पहिली मीटिंग वाया जाणार नाही.

एक उदाहरण घेऊ. तिघांचं घेणं आहे १००, २०० आणि ३००, म्हणजे एकूण ६००. हातात आहेत फक्त ३००. प्रमाणात वाटलं तर मिळतात ५०, १०० आणि १५०. समान वाटलं (पण कुणालाही त्याच्या घेण्यापेक्षा जास्त नाही) तर १००, १००, १००. आणि तूट समान वाटली, म्हणजे प्रत्येकाने १०० सोडले, तर ०, १०० आणि २००. रक्कम तीच, माणसं तीच, आणि पहिल्या माणसाला एका नियमाने सगळं मिळतं, एका नियमाने अर्धं आणि एका नियमाने काहीच नाही. गणितात कुठे चूक नाहीये. नियम बदलला की उत्तर बदलतं, एवढंच.

आणि हे तिन्ही नियम फार जुने आहेत. योग्य वाटणी म्हणजे प्रमाणात वाटणी असं ॲरिस्टॉटल म्हणून गेला, आणि आजही दिवाळं निघालेल्या कंपनीच्या एकाच दर्जाच्या घेणेकऱ्यांना साधारणपणे प्रमाणातच पैसे मिळतात. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रीने मात्र समान वाटणीची बाजू घेतली, त्यात लहान घेण्याचा माणूस आधी सुटतो. त्याहूनही जुन्या ज्यू न्यायग्रंथात, तालमूदमध्ये, आपलंच उदाहरण आहे, १००, २००, ३०० घेणं असलेले तिघे. हातात १०० असतील तर तिघांना समान. ३०० असतील तर ५०, १००, १५०. आणि २०० असतील तर ५०, ७५, ७५. हे शेवटचं उत्तर कुठून आलं याचा उलगडा शेकडो वर्षं नीट होत नव्हता. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑमन आणि मायकेल माश्लर या दोघांनी दाखवलं की तिन्ही उत्तरांमागे नियम एकच आहे. ज्या भागावर वाद आहे तेवढाच भाग दोघांत अर्धा अर्धा करायचा, वाद नाही तो भाग ज्याचा त्याला. कोणतेही दोघं घेतले तरी हे जुळतं. वरच्या २०० च्या वाटणीतले पहिले दोघं बघा, त्यांना मिळून १२५ मिळाले. पहिल्याचं घेणंच १०० आहे, म्हणजे २५ वर त्याचा दावाच नाही, ते दुसऱ्याचे. उरले १००, त्यावर दोघांचाही दावा, म्हणून ५०-५०. झाले ५० आणि ७५.

हा नियम आम्हाला स्वतःला फार आवडतो आणि बरेच ग्रुप तो समजला की तोच घेतात, पण आम्ही तो कुणाच्या गळ्यात मारत नाही.

आता ज्यासाठी हा कागद छापला ती चूक. लोक आकडे आधी मांडतात आणि नियम नंतर निवडतात. घरून प्रत्येकजण आपापली शीट बनवून आणतो, त्याने आधीच करून बघितलेलं असतं की कोणत्या नियमाने त्याच्या पदरात जास्त पडतं, आणि मग तोच नियम कसा न्याय्य आहे हे तो दोन तास सांगत बसतो. समोरच्यालाही ते दिसतंच. मग नियमावर चर्चा होतच नाही, माणसांवर होते, जुनं सगळं उकरून निघतं. आमच्याकडे तीन भागीदार आले होते, एका सामाईक मशीनचे कामाचे तास वाटायचे होते, तिघांच्या तीन शीट, तीन नियम, आणि तिन्ही शीटची बेरीज अगदी बरोबर. दोन दिवसांचं काम, त्याला दोन महिने लागले. शेवटी आम्ही तिन्ही शीट बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी कोणाला किती तास लागणार ते माहीत नाही असं धरून आज कोणता नियम घ्याल ते विचारलं, आणि एका बैठकीत ठरलं.

म्हणून आमची पद्धत अशी आहे. पहिल्या मीटिंगमध्ये तुमचे आकडे आम्ही बघत नाही. दावे बंद पाकिटात घेतो आणि एकूण किती वाटायचं आहे तोही आकडा टेबलावर येत नाही. नमुन्याचे आकडे घेऊन प्रत्येक नियम चालवून दाखवतो, एकदा तुम्ही लहान दावेदार आहात असं धरून आणि एकदा मोठे आहात असं धरून. मग नियमावर सगळ्यांच्या सह्या, आणि मगच पाकिटं उघडतो. काहीजणांना हा वेळकाढूपणा वाटतो, तसं तोंडावर बोलूनही दाखवतात. त्यांना एवढंच सांगतो की हा विचार काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. आपण समाजात कुठल्या जागी असू हे माहीत नसताना जे नियम निवडू तेच न्याय्य, असं जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलं. तुमच्या बाबतीत पूर्ण अंधार नसतो हे आम्हालाही कळतं, आपला दावा लहान की मोठा हे ज्याला त्याला माहीतच असतं. पण जेवढं झाकता येतं तेवढं झाकलं की माणसं वेगळ्या सुरात बोलतात, हे आम्ही दर वेळी बघतो.

सह्या झाल्यावर नियम बदलायचा असेल तर सगळ्यांची संमती लागते, एकट्याच्या फोनवर आम्ही बदलत नाही. प्लीज एकट्याने फोन करू नका, तुमचं म्हणणं खरं असलं तरी बाकीच्यांना ते कळलं की आमच्यावरचा विश्वास जातो आणि तो गेला की या कामात उरतं काय.

दावेदारांची यादीसुद्धा आम्ही आधीच बंद करतो, यावरूनही खूप वाद होतात म्हणून कारण सांगतो. समान वाटणीत ३०० वाल्याने आपला दावा दोन नावांवर १५०-१५० असा टाकला तर चार दावेदार होतात, प्रत्येकाला ७५, म्हणजे त्याला मिळाले १५०, आधी १०० मिळणार होते. तूट समान वाटायची असेल तर उलटं होतं, १०० वाला आणि २०० वाला एकत्र आले आणि ३०० चा एकच दावा लावला तर त्या दोघांना मिळून १५० मिळतात, वेगवेगळे राहिले असते तर ० आणि १०० मिळाले असते. प्रमाणात वाटताना मात्र तोडा किंवा जोडा, काही फरक पडत नाही, आणि हा त्या नियमाचा खरोखर मोठा गुण आहे. पण त्याचा दोष असा की दावा फुगवला की वाटा वाढतो, म्हणून तिथे आम्ही प्रत्येक दाव्याला कागद मागतो, बिल, करार, नोंदवही, काहीही चालेल पण कागद हवा. तालमूदच्या नियमात एकूण रकमेच्या वरचा दावा आपोआप छाटला जातो, तिथे उगाच मोठा आकडा लिहून काही हाती लागत नाही.

कायद्याने किंवा तुमच्या आधीच्या लेखी कराराने कोणाचा नंबर आधी आहे हे ठरलेलं असेल तर तेच आधी लागू होतं. त्यांचं देऊन झाल्यावर जे उरेल तेवढ्याचाच हिशेब आमच्याकडे.

खर्च वाटायचा असेल तर प्रकरण थोडं वेगळं आहे आणि इथे 'समान वाटा' म्हणणारे जास्त भेटतात. समजा एकच लाइन तिघांसाठी टाकायची आहे. पहिल्याला एकट्यापुरती टाकली असती तर ३० खर्च, दुसऱ्यापर्यंत न्यायची तर ५०, तिसऱ्यापर्यंत ८०. सगळ्यांसाठी मिळून ८०. समान वाटलं तर प्रत्येकी जवळपास २७, म्हणजे पहिल्याला एकत्र येण्याचा फायदा नावापुरताच. प्रमाणात वाटलं तर १५, २५, ४०. आम्ही साधारणपणे टप्प्याने वाटायला सुचवतो. पहिले ३० तिघांनाही लागतात म्हणून १०-१०-१०, पुढचे २० फक्त दोघांना लागतात म्हणून १०-१०, आणि शेवटचे ३० तिसऱ्याचेच. एकूण १०, २० आणि ५०. विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान आणि मोठ्या विमानांत कसा वाटायचा यावर लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं, की ही टप्प्याची साधी वाटणी म्हणजे लॉइड शॅप्लीने १९५३ मध्ये मांडलेलं वाटणीचं सूत्रच आहे. शॅप्लीला पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते सूत्र असं की दावेदार ज्या ज्या क्रमाने येऊ शकतात ते सगळे क्रम घ्यायचे, प्रत्येक क्रमात एखाद्याच्या येण्याने खर्च किती वाढला ते बघायचं आणि त्याची सरासरी काढायची.

तिसरा इथे हमखास चिडतो, मला ५० का, प्रमाणात तर ४० येत होते. त्याला आम्ही दुसरा कॉलम दाखवतो. एकट्याने केलं असतं तर त्याला ८० लागले असते, आता ५०, वाचले ३०. दुसऱ्याचेही ३० वाचले, पहिल्याचे २०. म्हणजे ज्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं त्याची बचत कोणापेक्षाही कमी नाही. आम्ही देतो त्या प्रत्येक खर्चाच्या शीटमध्ये हा बचतीचा कॉलम असतोच, शिवाय दोन गोष्टी तपासून लिहिलेल्या असतात, की कोणी एकट्याच्या खर्चापेक्षा जास्त देत नाहीये ना, आणि कोणामुळे जेवढा जादा खर्च झाला त्याहून कमी तो देत नाहीये ना. १९३० च्या दशकात अमेरिकेत टेनेसी खोऱ्यातल्या धरणांचा खर्च जलवाहतूक, पूरनियंत्रण आणि वीज या तीन कामांवर कसा टाकायचा हा प्रश्न आला, तेव्हाही विचार याच दिशेने गेला होता. नुसती टक्केवारी देणारे बरेच आहेत, तो कॉलम मागून बघा.

न तुटणाऱ्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. जागा, पाळ्या, मशीनचे स्लॉट यांचे तुकडे होत नाहीत, मग अपूर्णांकाचं काय करायचं हा प्रश्न येतो. 'ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला उरलेली जागा द्या' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण १८८० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत याच पद्धतीने हिशेब केला तेव्हा असं निघालं की प्रतिनिधिगृहात २९९ जागा असतील तर अलाबामाला ८ आणि ३०० असतील तर ७. एकूण एक जागा वाढली आणि एका राज्याची एक कमी झाली! म्हणून स्लॉटची संख्या पुढे बदलणार असेल तर आम्ही ती पद्धत वापरत नाही, भाजकाची वापरतो (सगळ्यांचे दावे एकाच संख्येने भागून पूर्णांकात आणायचे, आणि बेरीज एकूण स्लॉटइतकी येईल अशी ती संख्या निवडायची), त्यात हा घोळ होत नाही. तीही निर्दोष नाही, क्वचित कोणाला त्याच्या नेमक्या हिश्श्यापेक्षा एक पूर्ण जागा किंवा जास्तीचा फरक पडू शकतो. नेमक्या हिश्श्यापासून कधीच एवढी लांब जाणार नाही आणि दावे वाढले-घटले तरी उलटे निकाल देणार नाही अशी पद्धत असूच शकत नाही हे बालिन्स्की आणि यंग या अभ्यासकांनी सिद्ध करून ठेवलंय, तेव्हा ती आमच्याकडे मागू नका.

दोघंच असाल आणि जिचे भाग पाडता येतात अशी एकच वस्तू किंवा जमीन वाटायची असेल तर कदाचित आमची गरजही नाही, एकाने भाग पाडावेत आणि दुसऱ्याने आधी निवडावा. तिघं झाले की हे इतकं सरळ राहत नाही, कोणालाच दुसऱ्याचा वाटा आपल्यापेक्षा बरा वाटू नये अशी तिघांसाठीची रीत १९६० च्या सुमारास सेल्फ्रिज आणि कॉनवे यांना वेगवेगळी सापडली, ती आम्ही समोर बसवून करून देतो, तासाभरात होतं.

फी सगळ्या दावेदारांकडून समान आणि आगाऊ घेतो, वाटा लहान असो की मोठा. ज्याला जास्त मिळणार त्याने जास्त द्यावी असं काहीजण सुचवतात, पण मग आम्ही त्याची बाजू घेतली असं बाकीच्यांना वाटायला जागा राहते. एका बाजूचंच काम आम्ही घेत नाही. नियमाची मीटिंग, सह्यांचा कागद, शीट आणि ती सगळ्यांसमोर समजावून सांगणं हे सगळं त्याच फीमध्ये येतं, आणि वर्षभरात दावा किंवा एकूण रक्कम बदलली तर त्याच नियमाने एकदा पुन्हा हिशेब करून देतो.

येताना सगळ्या दावेदारांची नावं, प्रत्येकाचा दावा बंद पाकिटात कागदांसकट, आधीचा काही करार असेल तर त्याची प्रत, आणि खर्चाची वाटणी असेल तर एकट्याने केलं असतं तर किती लागलं असतं याचं प्रत्येकाचं कोटेशन आणा. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात आणि मग दुसरी मीटिंग लावावी लागते. घरी बनवलेली शीट असेल तर ती घरीच ठेवा, आणि मीटिंगला सगळे या, कोणाला जमत नसेल तर सहीचा अधिकार लिहून देऊन दुसऱ्याला पाठवा.