सहा किलोचा पाइप आणि आप्पांचे हृदय

यावल तालुक्यातले आमचे आप्पा गेली ४० वर्षे केळीची बाग करीत आहेत. मागच्या उन्हाळ्यात बांधावरून चालतानाही दम लागू लागला, म्हणून जळगावला त्यांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला आणि डाव्या निलयाची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत १२ मिलिमीटर जाड झाल्याचे अहवालात आले. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी धीर दिला, "आप्पा, हे पैलवानाचं काळीज आहे, घाबरू नका." त्यांचा हेतू चांगला होता, पण हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी औषध सोडणारी माणसे मी पाहिली आहेत.

हृदयाच्या स्नायुपेशी जन्मानंतर फारशा विभागत नाहीत; तरुणपणी वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात आणि उतारवयात त्याहूनही कमी. त्यामुळे काम वाढले तरी पेशींची संख्या वाढत नाही, आहेत त्याच पेशींना मोठे व्हावे लागते. त्या जाडीला वाढणार की लांबीला, हे ओझे कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरते.

बागेत पाइपलाइन टाकणाऱ्याला यामागचे गणित अनुभवाने ठाऊक असते. ६३ मिलिमीटरचा सहा किलोचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा, पाइप आणि ११० मिलिमीटरचा सहा किलोचाच पाइप यांची कापलेली तोंडे शेजारी ठेवून पाहावीत. दोघांनी सोसायचा दाब एकच, तरी रुंद पाइपची भिंत जाड असते, कारण पोकळी जितकी रुंद तितका भिंतीवरचा ताण अधिक, आणि भिंत जितकी जाड तितका तो ताण वाटला जातो. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, हृदयाचा कप्पा गोल मानला तर, दाबाला त्रिज्येने गुणून भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागले की ताण मिळतो. समजा, वरचा रक्तदाब १२० ऐवजी वर्षानुवर्षे १६० राहिला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला; अशा वेळी ९ मिलिमीटरची भिंत १२ मिलिमीटर झाली आणि पोकळी तेवढीच राहिली, तर ताण बरोबर पूर्वीइतका होतो.

ही जाडी येते कशी? स्नायुपेशीत सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचे सार्कोमिअर नावाचे घटक असतात; त्यांतले ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत सरकले की स्नायू आकुंचन पावतो. दाबाचे ओझे असेल तर नवे सार्कोमिअर जुन्यांच्या शेजारी बसतात, दोराला पेड वाढवावेत तसे, आणि पेशी जाड होते. ओझे रक्ताच्या आकारमानाचे असेल, उदाहरणार्थ झडप गळकी असल्याने बाहेर टाकलेले रक्त परत येत असेल, तर ते एकापुढे एक जोडले जातात, पेशी लांबते आणि कप्पा रुंदावतो. आकुंचनाच्या वेळचा ताण पेशीला जाड करतो आणि भरण्याच्या वेळचा ताण तिला लांब करतो, अशी मांडणी विल्यम ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली माणसांच्या हृदयातील मोजमापांवरून केली.

दुसऱ्या प्रकारचे ओझे आपल्याकडे सातपुड्यात पाहायला मिळते. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, रक्त कायम कमी राहते, ऑक्सिजन पुरवण्यासाठी हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त फिरवावे लागते आणि डावा कप्पा हळूहळू रुंदावतो. अशा मुलाला चढावर धाप लागली की त्याला आधी भगताकडे नेले जाते आणि रक्ततपासणी मागे पडते. धाग्या-अंगाऱ्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. आणि शिकलेल्या घरांतल्या मोबाइलवर फिरणाऱ्या, हृदय 'मोकळे' करणाऱ्या काढ्यांनीही भिंतीवरचा ताण उतरत नाही.

ताण पूर्ववत झाला तरी प्रश्न सुटत नाही. जाडावलेल्या पेशींच्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत, म्हणून आतल्या थरांना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो. शिवाय रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेनचे चिवट तंतू साचतात. भिंत ताठर होते, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात नीट सैल पडत नाही आणि कप्पा भरण्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. हृदय जोरात आकुंचन पावत असूनही आप्पांना दम लागत होता, तो यामुळे. पैलवानाच्या हृदयावर आखाड्यातले काही तास ताण येतो, मग विश्रांती मिळते. तिथे असे तंतू सहसा साचत नाहीत आणि व्यायाम सुटला की वाढलेली जाडी बरीचशी ओसरते. आप्पांसारख्या उच्च रक्तदाबाच्या माणसाचे हृदय दिवसाचे सुमारे एक लाख ठोके त्याच ओझ्याखाली देते, झोपेतसुद्धा.

दाब उतरवला की ही वाढ काही अंशी मागे फिरते. अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणाऱ्या औषधांपैकी पहिल्याचा, कॅप्टोप्रिलचा, माग ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषापर्यंत जातो. ही औषधे दाब कमी करतात आणि तंतू साचण्यालाही आवर घालतात. आप्पांनी तशाच एका गोळीबरोबर जेवणातले पापड-लोणचेही सोडले. वर्षभराने पुन्हा इको काढला तेव्हा भिंत ११ मिलिमीटर भरली. मोजणीतच एवढा फरक पडू शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि गोळी चालू ठेवली. आप्पा आता बांधाच्या टोकापर्यंत न थांबता जातात.