लाल समुद्राचा तो मेसेज

‘डेन्मार्कमध्ये दरवर्षी तरुण मुलं मर्दानगी सिद्ध करायला कॅल्डेरॉन डॉल्फिन मारतात.’ रक्तानं लाल झालेल्या खाडीच्या फोटोंसह हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शिकार खरी आहे, गडबड मजकुरात आहे.

जागा आहे फेरो बेटं. राज्य डेन्मार्कचं, पण कारभार स्वतःचा. नकाशात स्कॉटलंडकडून आइसलंडकडे बोट सरकवलंत की मध्ये सापडतील. ‘कॅल्डेरॉन’ ही वेगळी जात नाही. स्पॅनिशमध्ये पायलट व्हेलला तसं म्हणतात, शब्दकोशात बघता येईल. फोटो मोठा करून पाहा: लांब चोच नाही, कपाळ घागरीसारखं गोल. (हा प्राणी डॉल्फिनच्याच कुळातला, त्यामुळे ‘डॉल्फिन’ म्हणणारे फारसे चुकत नाहीत.)

मर्दानगीचा विधी मात्र नाहीच. कळप दिसला की बोटींनी किनाऱ्याकडे हाकतात, मारतात, मांस आणि चरबी आपसांत वाटून घेतात. १५८४ पासूनच्या नोंदी आहेत. दिवस ठरलेला नसतो, आणि पाण्यात उतरणाऱ्यांत पन्नाशीचे बाप्येही असतात.

विरोध जरूर करावा, माझाही आहे. त्याला खरी कारणं पुरेशी आहेत: पिलांसकट अख्खा कळप मारला जातो. आणि त्या मांसात पारा इतका, की २००८ मध्ये तिथल्याच आरोग्य अधिकाऱ्यांनी ते खाऊ नका असं सांगितलं.