आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक लवाद : वकिलांचे व्यावसायिक प्रशिक्षण (सोलापूर)

दोन देशांतील व्यापाऱ्यांमधला वाद न्यायालयाबाहेर, करारानुसार नेमलेल्या लवादापुढे चालवण्यासाठी किंवा स्वतः लवाद म्हणून काम पाहण्यासाठी वकिलांनी घ्यायचे विशेष शिक्षण. भारतात हा विषय लवाद व समेट अधिनियम, १९९६ खाली येतो. त्याचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविधी आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेला नमुना कायदा आहे.

सोलापूरच्या वकिलाला लवाद नवा नाही. राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला वाढवून मागायचा, तर लवादापुढेच जावे लागते. बहुराज्य सहकारी पतसंस्थांची थकबाकीची प्रकरणेही लवादाकडे जातात. पण तिथे लवाद सरकारी यंत्रणा नेमते. आंतरराष्ट्रीय लवादाचा सगळा डोलारा करारातल्या एका कलमावर उभा असतो, म्हणून चांगल्या प्रशिक्षणाचा मोठा हिस्सा हे कलम लिहिण्यावर खर्च व्हायला हवा. लवाद किती, भाषा कोणती, नियम कोणत्या संस्थेचे आणि मुख्य म्हणजे सीट कुठली, हे सारे तिथेच ठरते. सीट म्हणजे नुसते सुनावणीचे ठिकाण नव्हे; लवादावर कोणत्या देशाच्या न्यायालयांची देखरेख राहील, हे तिच्यावरून ठरते. भारत ॲल्युमिनियम प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालानंतर हे पक्के झाले की, सीट परदेशात असेल तर निवाडा रद्द करून घ्यायलाही तिथल्याच न्यायालयात जावे लागते.

समजा, टेरी टॉवेलच्या निर्यातदाराचे पैसे अमेरिकेतील खरेदीदाराने थकवले. सोलापूरच्या न्यायालयातून हुकूमनामा मिळाला, तरी अमेरिकेत त्याची थेट अंमलबजावणी होत नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथे अंमलात आणता येतो. म्हणून लवादाचे कलम ऑर्डर घेतानाच नीट लिहिले गेले पाहिजे; वाद पेटल्यावर समोरचा पक्ष त्यावर सही करत नाही.

लवादाची सीट भारतात असली, तरी अशा प्रकरणातले अर्ज जिल्हा न्यायालयात चालत नाहीत. ते उच्च न्यायालयात जातात आणि लवाद नेमण्याचा अर्ज तर थेट सर्वोच्च न्यायालयात. दिवाणी दाव्यात मुरलेल्या वकिलाला सुनावणीची पद्धतही नव्याने शिकावी लागते. सरतपासणीऐवजी (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न) साक्षीदाराचे सविस्तर लेखी निवेदन आधीच दाखल होते आणि उलटतपासणीला मोजून वेळ मिळतो. कागदपत्रांच्या मागणीसाठी आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनचे पुरावाविषयक नियम (सुधारित, २०२०) बहुतेक ठिकाणी आधाराला घेतले जातात. सोलापुरात आणखी एक गोष्ट शिकवायला हवी : कारखान्यातला साक्षीदार मराठीत किंवा तेलुगूत बोलणार आणि कामकाज इंग्रजीत चालणार, तेव्हा त्याची तयारी दुभाष्यासह करून घेणे.

पक्षकाराची बाजू मांडण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. पर्यायी वादनिवारण हा विषय विधी पदवीच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे, पण त्यात आंतरराष्ट्रीय भाग थोडकाच येतो. पुढे लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या (स्थापना १९१५) असोसिएट, मेंबर आणि फेलो या पायऱ्या जगभर ओळखल्या जातात. नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार जवळून पाहायचा, तर २०१६ पासून काम करणारे मुंबईचे आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सर्वांत जवळ. विद्यार्थ्यांसाठी व्हिएन्नात दरवर्षी भरणारी व्हिस मूट ही अभिरूप लवादस्पर्धा उत्तम तालीम ठरते. मात्र तिथले प्रश्न १९८० च्या आंतरराष्ट्रीय मालविक्री करारावर बेतलेले असतात. भारत त्या कराराचा सदस्य नसल्याने इथल्या विद्यार्थ्यांना तो मुळापासून अभ्यासावा लागतो.